मयत

२०२३ च्या दिवाळीनंतर नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांच्या हाती मोडीतल्या एका पानाची झेरॉक्स लागली होती आणि आमच्या घरात मोडी वाचता येणारं माणूस म्हणजे मी एकटी. त्या हिवाळ्यात मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्रभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध चालू होता. कित्येक वर्षांत ज्यांची दोरी सुटली नव्हती असे गठ्ठे अभिलेख कक्षांतून बाहेर निघत होते आणि ज्याला मोडी येते त्याच्या दारात माणसं बसून राहत होती.

"माझ्या आज्याची नोंद हाय म्हणत्यात त्यात, तुझ्या पणज्याची," नाना म्हणाले. "जातीपुढं काय लिवलंय तेवढं बघून सांग. बाकीचं काय नगं."

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कोतवाल बुकाचं पान होतं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे ज्या वहीत लिहायचे ती वही, महसुलाच्या भाषेत गाव नमुना १४. शके १८४०, म्हणजे सन १९१८, आणि महिना ऑक्टोबर. मी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि नानांना हवा होता तो रकाना शोधला. तिथे काय निघालं ते इथे लिहीत नाही. त्या वादात मला हा लेख गुंतवायचा नाही. नानांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मला मात्र ते पान खाली ठेवता येईना.

एका पानावर बावीस ओळी आणि तारखा जेमतेम पाच दिवसांच्या. आमचं कृष्णाकाठचं गाव तेव्हा केवढं असेल? आणि पाच दिवसांत बावीस माणसं. नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. पुरुषाच्या नावापुढे 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. तीन ओळींत तर बाईचं नावच नव्हतं, थेट कोम. एका ओळीत नुसतं 'मुलगी', वय दीड महिना. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप, ताप, ताप. पहिल्या दोन-तीन ओळींत लिहिणाऱ्याने तो नीट लिहिला होता, पुढे पुढे नुसती एक वळणदार रेघ उरली होती.

ती मानमोडीची साथ. जगभर तिला इन्फ्लुएंझा म्हणत, आपल्याकडे खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईत आली, जरा ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी उलटली की रेल्वेच्या रुळांवरून गावोगाव गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, गुरांना वैरण नाही आणि त्यात घरातलं प्रत्येक माणूस अंथरुणाला खिळलेलं. माझी आजी सांगायची, तिच्या सासूने एका आठवड्यात नवरा आणि दोन लेकरं घालवली आणि तिसऱ्या दिवशी सावडायला जायलाही घरात कुणी धड नव्हतं. ती गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. पण त्या गोष्टीत फक्त आमचं घर होतं. पानावर गाव होतं. मराठा, महार, ब्राह्मण, मांग, न्हावी, रामोशी, मुसलमान, परत मराठा, परत महार. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने. माझ्या पणजोबांच्या वरच्या ओळीत महारवाड्यातला तेवीस वर्षांचा तरुण होता, खालच्या ओळीत कुलकर्ण्यांच्या घरातली बाई. गावात ही तिघं कधी एका ओळीत बसली असतील? पंगतीला नाही, देवळात नाही, पाणवठ्यावर तर नाहीच. एका शाईत, एका हाताने, एकाखाली एक अशी ती पहिल्यांदा इथे आली होती.

हे मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग डोळे पुन्हा त्या मधल्या रकान्यावर गेले. माणूस गेला, तरी जात लिहायची राहिली नव्हती.

आणि रोगाने तरी सगळ्यांना सारखं धरलं होतं का? आमच्या गावाचा हिशेब मला लावता येत नाही, पण मुंबई शहराचे त्या साथीचे आकडे नोंदलेले आहेत. युरोपियनांमध्ये हजारी आठ माणसं गेली. सवर्ण हिंदूंमध्ये हजारी एकोणीस. आणि ज्यांना त्या अहवालांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय त्यांच्यात हजारी एकसष्ट. विषाणू एकच, ताप एकच. पण एकाला हवेशीर खोली, दूध आणि डॉक्टर. दुसऱ्याला दहा जणांत एक अंधारी खोली आणि ताप उतरायच्या आत पुन्हा कामावर जायची घाई. मरण सगळ्यांना येतं हे खरं आहे. पण ते कुणाला कधी येतं हे पुष्कळदा माणसांनीच ठरवून ठेवलेलं असतं.

आपण मराठी माणसं मरणाबद्दल बोलताना किती शब्द वापरतो हे मी त्या रात्री मोजत बसले. देवाज्ञा झाली. निवर्तले. कालवश झाले. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी. बुद्धांचं आणि बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण. संताची समाधी. माझ्या लहानपणी आमच्या घरात याहून साधी वाटणी होती. आमच्यातलं कुणी गेलं की 'वारले'. राजवाड्यातलं कुणी गेलं की 'मेला'. बैलसुद्धा मेलाच. (महारवाड्याला आमच्याकडे आता राजवाडा म्हणतात, नाव बदललं, ओढा तोच.) हे कुणी शिकवलं नाही. आई-बापाच्या तोंडून दुधासारखं पोटात गेलं.

कोतवाल बुकात मात्र बावीसच्या बावीस जणांपुढे एकच शब्द आहे. मयत.

आमच्याकडे आणखी एक वाक्य नेहमी म्हणतात, मौतीला गेलं की हमखास कानावर येणारं: "शेवटी काय, स्मशानात सगळी सारखी." चिता पेटली की दोन म्हातारे जरा बाजूला उभे राहून हेच बोलत असतात. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ते मान हलवून ऐकत आले. पण कुठल्या स्मशानात? आमच्या गावात तीन आहेत. नदीच्या घाटावरचं आमचं. ओढ्याच्या पलीकडे राजवाड्याचं. त्याच्याही पुढे, बाभळीत, मांगवाड्याचं. लिंगायतांची पुरायची जागा वेगळी, मुसलमानांचं कबरस्तान वेगळं, ते मी यात धरत नाही. तिथे रीतच निराळी आहे. पण या तिन्ही ठिकाणी तेच कळक, तीच तिरडी, तेच गाडगं, त्याच शेणी आणि तोच अग्नी. रीत एक असून जागा तीन.

१९८२ साली माझी आजी गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. पहाटे रडारड झाली आणि पहिला माणूस वाड्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला तो राजवाड्यातला एक म्हातारा. सत्तरीचा असेल. तो माझ्या आबांपेक्षा, म्हणजे वडिलांपेक्षा, मोठा होता, तरी आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला एकेरी हाक मारायचं. मीही मारली आहे. आज लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणते आहे, ते हयात असताना एकदाही म्हटलं नव्हतं. ते सांगाव्याला आले होते. कुठल्या कुठल्या गावाला निरोप द्यायचा ते आबांनी सांगितलं, त्यांनी बोटं मोजत घोकून घेतलं आणि चालायला लागले. माझ्या दोन्ही आत्यांच्या गावांना ते पायी गेले, एक सात मैल, एक नऊ. संध्याकाळी परत आले तेव्हा माती उरकली होती.

मेल्या माणसाचा सांगावा नेणं, सरणाचं लाकूड वाहणं, मेलेलं ढोर ओढणं ही महार वतनातली कामं आणि त्याबद्दल मढ्यावरचं कापड हा त्यांचा हक्क. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि प्रत्यक्ष वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आमच्या घरी १९८२ मध्येही ते म्हातारे आले. कायद्याने सुटका झाल्यावरही चोवीस वर्षांनी. का आले असतील, हा प्रश्न मी आबांना कधी विचारला नाही. पोस्टातून तार करता आली असती. गावात दोन मोटारसायकली होत्या.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये ते म्हातारे गेले. मी कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. चार दिवस पावसाने झोडपून काढलं होतं. ओढ्याचं पाणी त्यांच्या स्मशानाच्या जागेवर आलेलं. तिथे ना कट्टा, ना पत्रा, ना जायला रस्ता. आमच्या बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून मी जे पाहिलं ते माडीवरून. राजवाड्यातली माणसं सकाळपासून थांबलेली. पाऊस उघडेल म्हणून वाट बघत तिरडी दारात ठेवलेली, वर प्लॅस्टिकचा कागद. दुपारी चारला त्यांनी ती उचलली, गुडघाभर चिखलातून ओढ्याच्या वरच्या अंगाला जरा उंचवट्यावर नेली आणि चार माणसांनी चार कोपरे धरून सरणावर पत्रे धरले. पत्र्याखालून धूर निघायचा आणि परत बसायचा. ओली लाकडं. रॉकेल ओतताना भडका व्हायचा, पुन्हा विझायचं. अंधार पडेपर्यंत ते चाललं होतं. कधीतरी पत्रा धरणारे बदलायचे, कारण हात भाजत असणार.

त्या माडीवरूनच उजवीकडे आमचा घाट दिसत होता. नव्याने घातलेलं पत्र्याचं शेड, कोरडा कट्टा, रिकामा. मधलं अंतर तीनशे पावलांचं.

कुणी त्यांना 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. ही गोष्ट मला नंतर वर्षानुवर्षं छळत आली. कुणी अडवलं असतं तर निदान भांडण झालं असतं, पोलिसात गेलं असतं. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात घाट, पाणवठ्यांच्या बरोबरीने स्मशानाचा आणि दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे. कुणालाही तिथे मज्जाव करणं हा गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द आले. पण आमच्या गावात मज्जाव झालाच नाही. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही 'या' म्हटलं नाही. आबा तेव्हा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. ते खाली ओसरीवर बसून पाऊस बघत होते. त्याच दारात येऊन सांगावा घेऊन गेलेला माणूस पलीकडे जळत नव्हता, आणि ओसरीवर चहा झाला. चहा मीच केला होता. मी काही बोलले नाही. एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात समतेवर भाषण करून बक्षीस आणलं होतं.

बाबा आढावांनी सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरून विहिरी खुल्या करायला लावल्या. ती हाक आमच्या गावात पाण्यापर्यंत पोचली. विस्तवापर्यंत पोचली नाही.

मंगळवेढ्याची गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक असते. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, साल १३३८. नामदेव महाराज तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडांचा खच. कुणाची कुठली ओळखणार? ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाम ऐकू आलं ती चोखोबांची, म्हणून त्यांनी उचलली, पंढरपुरी आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळाची पायरी चढता आली नाही त्याला मेल्यावर पायरीपाशी जागा मिळाली. आतलं दार उघडायला १९४७ चा मे महिना यावा लागला, साने गुरुजींचं दहा दिवसांचं उपोषण व्हावं लागलं. आजीने सांगितलेल्या या गोष्टीने मी लहानपणी रडायचे. आता त्या गोष्टीत मला दुसरंच काही दिसतं. चोखोबांबरोबर त्या भिंतीखाली आणखी मजूर होते. त्यांची हाडं बोलली नाहीत. त्यांना कुणी उचललं? ती बहुधा तिथेच, दगडमातीत राहिली असतील, आणि भिंत पुन्हा चढली असेल. आपण समतेचा विचार करतो तोही असाच. ज्याच्या हाडांतून नाम येतं, त्याची समाधी बांधतो. उरलेल्यांनी सारखं वागवून घ्यायला आधी काय व्हावं लागतं?

पानावरचा दुसरा शब्द, 'कोम', तोही माझ्या डोक्यातून जाईना. त्याला कारण आई.

आबा २०२२ च्या जूनमध्ये गेले, शांतपणे, घरी. त्याच्या महिनाभर आधी, ४ मे ला, कृष्णेच्याच खालच्या अंगाला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला होता की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांत राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं पत्रक काढलं. ते कात्रण माझ्या पर्समध्ये होतं. आमच्याकडे नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात आणि बायका एकमेकींना म्हणतात, "अहेव गेली, भाग्याची." म्हणजे बाईचं भाग्य कशात, तर आधी मरण्यात. ती मागे राहिली की लग्नपत्रिकेत 'सौ.' चं 'गं. भा.' होतं. तिच्या अंगावरून एक-एक काढून घेतलं जातं, आणि नवऱ्याचं मात्र बायको गेल्यावर कपाळावरचं गंधसुद्धा कुणी पुसत नाही.

भावकीतल्या दोन म्हाताऱ्या आईच्या जवळ आल्या तेव्हा मी मध्ये उभी राहिले. बोलले. हेरवाडचं नाव घेतलं. सावित्रीबाईंचंही. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, धरून प्रेतयात्रेपुढे चालल्या. जोतीरावांना तर दहन नको होतं. मृत्युपत्रात त्यांनी आपलं शरीर मिठात घालून पुरावं असं लिहिलं होतं, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता, नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. हे सगळं मी त्या गर्दीत, रडता रडता, बोलत होते. बायका थांबल्या. आणि आई म्हणाली, "सर बाजूला. त्यांच्यासाठी मला एवढं तरी करू दे."

मी सरले. आईचा हात तिच्याच उंबऱ्यावर आपटला गेला.

तिच्यासाठी ते प्रेम होतं, हे मला कळतं. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसाराचं दुःख बाहेर काढायची तेवढीच एक रीत तिला कुणी दिली होती. पण पुढच्या संक्रांतीला घरात हळदीकुंकू होतं तेव्हा ती न सांगता स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी आत गेले आणि तिच्याजवळ पाटावर बसले. बाहेर बायका उखाणे घेत होत्या. ती तिळाच्या वड्या कापत होती, अगदी एकसारख्या.

त्या पानाची नीट प्रत काढून, ओळीन् ओळ देवनागरीत उतरवून मी मार्चमध्ये गावी गेले. पणजोबांच्या वरच्या ओळीतला तो तेवीस वर्षांचा तरुण सांगाव्याच्या म्हाताऱ्यांचा बाप निघाला. नावं आणि घराणं जुळत होतं. म्हातारे तेव्हा पाच-सहा वर्षांचे असणार. त्यांचा नातू आता प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मी त्याच्या घरी गेले. आमच्या घरातून त्या घरी पाहुणी म्हणून गेलेली मी बहुधा पहिलीच, आणि हे लिहिताना मान खाली जाते.

जाताना ओढ्यापलीकडे पत्र्याचं नवं शेड दिसलं. चांगला कट्टा, काँक्रीटचा रस्ता, दिवासुद्धा. जनसुविधेच्या निधीतून झालं म्हणे. आता पावसात कुणाला पत्रे धरून उभं राहावं लागणार नाही, याचं मला खरंच हायसं वाटलं. मग लक्षात आलं की, आता ही दोन स्मशानं काँक्रीटने कायमची दोन झाली.

सरांनी कागद हातात घेतला. त्यांच्या आईने पाणी आणलं, मग चहा. सर आपल्या पणजोबांच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प होते.

"तेवीस वर्षांचे?" ते म्हणाले. "माझा मुलगा आत्ता चोवीसचा आहे, ताई."

"हो."

"आमच्यात सांगतात उपाशी गेले. दुष्काळात."

"इथे ताप लिहिलंय. पण त्या साली दोन्ही होतं. उपाशी माणसाला ताप झेपत नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं; तिने विचारलं, खाली-वर आणखी कोण कोण आहे. मी सांगितलं, सगळं गाव आहे. "मग समदंच वाच की," ती म्हणाली आणि पदर सारखा करून समोर बसली.

मी वरच्या ओळीपासून सुरुवात केली. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, वय वाचलं. मधला रकाना सोडला. सरांनी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"तो पण वाचा, ताई," ते म्हणाले. "वाचलाच पाहिजे."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले.